भाडेकरू उद्यान

अमेरिकी सामोआतल्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल लिहिणारे बहुतेकजण ज्वालामुखीपासून सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. रमण्यासारखे आहेही. पागो पागोचे बंदर म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात शिरलेला समुद्र. वातिया गावासमोर पोलाचा कडा पाण्यातून सरळ वर उठतो, आणि वरच्या ओल्या रानात मोठी फळखाऊ वटवाघळे भर उन्हात पंख पसरून तरंगताना दिसतात. पण हे रान टिकले कसे, याचे उत्तर खडकापेक्षा जमिनीच्या व्यवहारात जास्त सापडते. इथली जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची नाही. १९८८ साली अमेरिकी संसदेने उद्यानाला मंजुरी दिली खरी, पण प्रत्यक्षात ते उभे राहिले १९९३ मध्ये, पन्नास वर्षांचा भाडेपट्टा झाल्यावर. भाडे ठरवण्याचे काम अमेरिकी सामोआच्या उच्च न्यायालयाकडे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर उद्यानाचे नावच नाही.

ही तऱ्हा समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात जर्मन, ब्रिटिश आणि अमेरिकी व्यापाऱ्यांनी सामोआत जमिनी बळकावण्याचा सपाटा लावला. बर्लिनच्या १८८९ च्या करारानंतर नेमलेल्या आयोगापुढे परक्यांचे जे दावे आले, त्यांची बेरीज बेटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त भरली. आयोगाने त्यातले बहुतेक फेटाळले, पण सामोअन लोकांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. १८९९ मध्ये जर्मनी आणि अमेरिका यांच्यात द्वीपसमूहाची वाटणी झाली आणि १७ एप्रिल १९०० रोजी, पागो पागो ज्यावर आहे त्या तुतुइला बेटाच्या सरदारांनी दस्त करून सत्ता अमेरिकेकडे सोपवली. जमिनीवरच्या हक्कांना धक्का लागणार नाही, असे त्या दस्तातच लिहिलेले होते. मानुआ बेटांच्या तुई मानुआ एलिसाराने सही करायला १९०४ उजाडले. नौदलाचा पहिला अधिकारी बेंजामिन टिली याने १९०० मध्येच स्थानिकांची जमीन परक्यांना विकण्यावर बंदी घातली. नौदलाला रानाचा कळवळा होता असे कोणी समजू नये. त्यांना जहाजांच्या कोळशासाठी बंदर हवे होते, आणि बंदरापलीकडच्या डोंगरांवरून तंटे उपटले तर ते नकोच होते.

त्यामुळे जमीन ‘आइगा’कडे, म्हणजे विस्तारित कुळाकडे राहिली आणि तिचा कारभार ‘मताई’ या कुळप्रमुखाकडे. आजही तिथली बहुतांश जमीन अशीच सामाईक आहे. पश्चिमेकडच्या उपोलू बेटावर तीच भाषा, तोच पाऊस, तसाच ज्वालामुखीचा दगड. पण तिथे मुलिफानुआला जर्मन कंपनीने नारळाची अफाट लागवड केली. तुतुइलावर तसे काही झाले नाही. यावर कोणी म्हणेल की तुतुइला उभ्या चढणीचे बेट, तिथे लागवड करणार कुठे? मुद्दा निम्मा खरा आहे. उपोलूवर सपाटी जास्त आहे, हे नाकारता येत नाही. पण चढण माणसाला अडवत होती, हे पटत नाही. मानुआतल्या ताऊ बेटाच्या उंच भागात आज झाडीने गिळलेली जुन्या वस्तीची जोती आहेत. डोंगरांच्या सोंडांवर, जिथे सरदार कबुतरे पकडण्याची स्पर्धा लावत, ते ताऱ्याच्या आकाराचे दगडी चौथरे आहेत. शेजारच्या ओफू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तोआगाला अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. आज तिथला किनारा आणि प्रवाळ उद्यानात आहेत. ज्याला अस्पर्श म्हणतात, त्या रानाचा काही भाग माणसे उठून गेल्यावर पुन्हा वाढलेला आहे.

१८७२ च्या यलोस्टोनमध्ये अमेरिकेने आधी उद्यान आखले आणि मग शोशोनी लोकांना बाहेर काढले. सामोआत तो मार्ग बंद होता, कारण विकत घ्यायला जमीनच नव्हती. म्हणून १९८८ च्या कायद्यात गावकऱ्यांची पूर्वापार शेती आणि मासेमारी पोटापुरती, पारंपरिक अवजारांनी, चालू ठेवण्याची मुभा आली. आजही गावात संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, ‘सा’, सुरू झाली की पाहुण्याने आहे तिथे थांबायचे असते. तिथे नियम गावाचा चालतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. निम्मे सामोअन रक्त नसलेल्याला इथली बहुतेक जमीन घेता येत नाही. हा वंशभेद नव्हे काय? १९८० मध्ये क्रॅडिक खटल्यात अमेरिकी सामोआच्या उच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली, पण त्याने प्रश्न मिटत नाही. माझ्या मते ही अट न्याय्य नाही, परिणामकारक आहे, आणि दोन्ही एकाच वेळी मान्य करायला हरकत नसावी.

रूढीच सगळे राखते, असेही नाही. १९८० च्या दशकात गुआम बेटाच्या बाजारासाठी इथली वटवाघळे मारून पाठवली जात होती, आणि त्यात सामोअन शिकारीही होते. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली तेव्हा हा धंदा आवरला. तामालिगी या परक्या, झपाट्याने वाढणाऱ्या झाडाने जंगल गिळायला सुरुवात केली, तेव्हाही मताईंच्या संमतीइतकाच उद्यानाचा पैसा लागला. पथकांनी बुंध्याची साल गोल सोलून हजारो झाडे उभी वाळवली. २०४३ मध्ये पट्टा संपेल, तेव्हा वाटाघाटीच्या चटईवर मताई मालक म्हणून बसतील आणि समोर भाडेकरू असेल, ज्याच्याशिवाय तामालिगी पुन्हा माजण्याची भीती आहे.