क्रूझवरून दिसणारं 'ते' जहाज कोणतं? ॲपवर कसं शोधायचं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझच्या डेकवर संध्याकाळी गर्दी होते. सूर्यास्ताचं रील काढून झालं की लक्ष जातं ते दूरवर दिसणाऱ्या जहाजांकडे. यातलं तेलाचं कोणतं, कंटेनरचं कोणतं, चाललंय कुठे?

उत्तर मोबाईलमध्ये मिळू शकतं. मरीन ट्रॅफिक, व्हेसलफाइंडर अशा ॲपच्या नकाशावर जहाजं छोट्या बाणांसारखी दिसतात. बाणावर टॅप केलं की जहाजाचं नाव, देश, वेग आणि पुढचं बंदर समोर येतं. मरीन ट्रॅफिकवर हिरवा बाण मालवाहू जहाजाचा, लाल टँकरचा आणि निळा प्रवासी जहाजाचा.

ही माहिती येते कुठून?

जहाजं ती स्वतःच सांगतात. ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टीम, म्हणजे एआयएस, नावाचं यंत्र जहाजाचा ठावठिकाणा रेडिओवरून सतत पाठवत असतं. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी, तर नांगर टाकून उभं असलेलं दर ३ मिनिटांनी. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांना, तसंच प्रवासी जहाजांना २००४ च्या अखेरपासून हे यंत्र बंधनकारक आहे.

यातलं 'पुढचं बंदर' मात्र जहाजावरचा माणूस हाताने टाइप करतो. त्यामुळे चुकीचं स्पेलिंग किंवा मागच्याच फेरीचं बंदर दिसलं तर नवल नाही. जहाजाची खरी ओळख म्हणजे ७ आकडी आयएमओ नंबर. नाव, मालक, झेंडा सगळं बदललं तरी हा नंबर बदलत नाही. गाडीच्या चासी नंबरसारखाच.

समोर जहाज दिसतंय, ॲपवर का नाही?

एआयएसचा सिग्नल साधारण नजरेच्या टप्प्यात जातो. किनाऱ्यावरचे रिसिव्हर तो ४० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरपर्यंत पकडतात. यातले कित्येक अँटेना हौशी लोकांनी आपल्या गच्चीवर बसवलेले आहेत! मुंबई-गोवा प्रवासात किनारा फार लांब नसतो, पण लक्षद्वीपच्या वाटेवर बाण तासन् तास एकाच जागी अडकलेला दिसू शकतो. सॅटेलाइटवरून मिळणारी ताजी जागा पाहायला बहुतेकदा पैसे मोजावे लागतात. म्हणून आधी 'माहिती कधी मिळाली' ती वेळ बघायची. कॅप्टनला ही अडचण येत नाही, कारण त्याचं यंत्र आजूबाजूच्या जहाजांचे सिग्नल थेट पकडतं. त्याला इंटरनेट लागत नाही.

तुम्हाला लागतं. त्यामुळे फोन एअरप्लेन मोडवर ठेवून जहाजाचं वायफाय वापरा. नाहीतर फोन जहाजावरच्या मोबाईल नेटवर्कला जोडला जातो आणि रोमिंगचं बिल सूर्यास्त विसरायला लावतं.

नेटच नसेल तर?

मग रात्रीचे दिवे बघा. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. लाल दिसला तर जहाज तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय, हिरवा दिसला तर उलट. दोन्ही एकदम दिसले तर ते तुमच्याच दिशेने येतंय. तुमचा मार्ग ओलांडणारं जहाज क्रूझच्या उजव्या बाजूला असेल, तर वाट द्यायची जबाबदारी सहसा क्रूझची.

दिवसा रेलिंगचा खांब कामाला येतो. एका जागी उभं राहून दूरचं जहाज एखाद्या खांबाच्या रेषेत धरा. काही मिनिटांत ते पुढे किंवा मागे सरकलं तर काळजी नाही. त्याच खांबाशी राहून मोठं होत गेलं, तर दोघांपैकी एकाला वळावं लागणार. ब्रिजवरचे अधिकारीही हेच तत्त्व वापरतात, फक्त खांबाऐवजी कंपास आणि रडार घेऊन.

ॲपवर दिसतं ते सगळं खरं?

नाही. लहान मासेमारी बोटींवर अनेकदा एआयएस नसतं, युद्धनौकांना ते बंधनकारक नाही आणि कोणतंही जहाज यंत्र बंद करू शकतं. त्याहून गंभीर म्हणजे खोटा सिग्नलही तयार करता येतो.

जून २०२१ मध्ये ब्रिटनची 'डिफेंडर' आणि नेदरलँड्सची 'एव्हर्टसन' या युद्धनौका युक्रेनच्या ओडेसा बंदरात होत्या. एका रात्री एआयएसवर दोन्ही नौका बंदर सोडून थेट सेवास्तोपोलच्या तोंडाशी पोहोचल्याचं दिसलं. सेवास्तोपोल म्हणजे रशियाच्या काळ्या समुद्रातल्या नौदलाचा तळ. काही दिवसांनी क्रिमियाजवळ 'डिफेंडर' आणि रशियन सैन्यात खरोखरच खटका उडाला, यावरून तेव्हाच्या तणावाची कल्पना येईल. त्या रात्रीच्या स्क्रीनशॉटवरून युद्धाच्या बातम्या सहज पसरल्या असत्या. पण ओडेसा बंदरात एक लाइव्ह वेबकॅम सुरू होता, आणि त्यात दोन्ही नौका रात्रभर धक्क्याला बांधलेल्या दिसत होत्या.