धरणाच्या पोटातले ४ पाइप

विहिरीचं पाणी खोल गेलं की मोटर घरघर करते आणि इंपेलरला खड्डे पडतात. माझ्याकडे दोनदा झालंय. आम्ही गंज समजायचो. पण पाण्यातले बुडबुडे फुटताना लोखंडाला ठोकत राहतात, त्याचे ते खड्डे.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ ला पाणी अडवलं. १९८३ च्या पुरात याच बुडबुड्यांनी सांडव्याच्या बोगद्यांचं काँक्रीट फोडून थेट खडकात खड्डे पाडले. दारांवर चक्क प्लायवूडच्या फळ्या लावून पाणी थोपवलं! पुढं बोगद्यात हवा शिरायला खाच ठेवली, म्हणजे बुडबुड्यांचा मार बसत नाही.

वीजघराच्या तोंडाखाली ८ फुटी ४ पोलादी पाइप आहेत. दुष्काळात तळं नीचांकाला गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ३ दिवस या पाइपांतून जोरात पाणी सोडलं. नंतर आत पाहिलं तर जुना लेप उडालेला, पोलाद खाल्लेलं. मग चारही पाइपांना आतून नवा लेप द्यायचं काम काढलं.

पाणी वीजघराच्या तोंडाखाली गेलं तर खाली सोडायला हे ४ पाइपच उरतात. त्या नदीवर ४ कोटी माणसं आणि इम्पीरियल खोऱ्यातली शेती आहे. लेप नवा झाला, पण तळ्यात पाणी कमी असताना बुडबुडे जास्तच होतात. माझ्या मोटरीचंही तेच, इंपेलर बदलला तरी विहीर तेवढीच खोल.