अध्ययन : अभिसंधान आणि निरीक्षण

अनुभवामुळे वर्तनात किंवा वर्तनाच्या क्षमतेत होणारा, टिकून राहणारा बदल म्हणजे अध्ययन. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून अभिजात अभिसंधानाची कल्पना पुढे आली : अन्नाआधी ठरावीक खूण वारंवार मिळाली, की पुढे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की सुटकेला उपयोगी पडलेली कृती पक्की होते आणि निरुपयोगी कृती गळून पडते. बी. एफ. स्किनर यांनी हाच विचार साधक अभिसंधान म्हणून विस्तारला. दुसऱ्याला पाहून शिकणे हा तिसरा मार्ग. पाठ्यपुस्तके या तिन्हींची स्वतंत्र प्रकरणे करतात; व्यवहारात मात्र काय करता येते हे पाहण्यातून कळते आणि ते करत राहायचे की नाही, हे परिणाम ठरवतात.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या सोयाबीन-तुरीच्या तालुक्यात याची उदाहरणे शेतातच सापडतात. गोऱ्ह्याला औताची सवय लावताना मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात. हाकणाऱ्याच्या आवाजामागोमाग कासऱ्याला ओढ बसते आणि गोऱ्हा वळला की ती सैल होते. कालांतराने आवाज पुरतो. गोऱ्हा जोडीदाराला पाहून शिकला, असे यावरून म्हणता येत नाही, कारण एकाच जुवामुळे तो ओढलाही जातो. बुजगावण्याची गत उलटी. त्याच्यामागून कधीच इजा होत नाही, म्हणून पाखरे लवकरच त्याला सरावतात. गोफणीच्या आवाजामागे दगड येत असल्याने त्याचा धाक टिकतो. दोन गोष्टी लागोपाठ घडणे पुरेसे नसून पहिलीवरून दुसरीचा अंदाज यावा लागतो, हे रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांवर सिद्ध केले. कोणतीही खूण कशाशीही जोडता येते, असेही नाही. जॉन गार्सिया व रॉबर्ट कोलिंग यांच्या १९६६ मधील प्रयोगात उंदरांनी आजारपणाचा संबंध चवीशी जोडला आणि विजेच्या धक्क्याचा प्रकाश-आवाजाशी. शिकण्याला प्रजातीच्या जडणघडणीची मर्यादा असते.

माणूस भाषा व हिशेब जाणतो, तेव्हा त्याला हे नियम लावणे गैर, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. प्रत्येक चूक स्वतः न करता माणूस शिकतो. पण म्हणून परिणामांचे महत्त्व संपत नाही. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६५ च्या प्रयोगात बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. बक्षीस देऊ केल्यावर मात्र सर्व गटांतील मुलांनी त्या कृती सारख्याच करून दाखवल्या. शिकणे सर्वांचे झाले होते, कृतीत उतरणे परिणामावर अवलंबून होते. हाच फरक शेतीतही दिसतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोलीचा समावेश असून त्यातील शेतीशाळा गावातल्याच एखाद्या शेतावर भरतात. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलेले पाहून शेजाऱ्याला जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि उघडिपीत ओल टिकते, हे उमगते. तरीही यंत्र किंवा पैसा नसेल, तर तो जुन्याच पद्धतीने पेरतो. त्याला समजले नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. शिवाय पिकाचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो आणि त्यात पावसाचा वाटा मिसळलेला असतो. एका चांगल्या वर्षाचे श्रेय चुकीच्या कृतीला मिळू शकते. म्हणून एकाच शिवारात, एकाच पावसावर, शेजारी-शेजारी घेतलेले नवे व जुने वाफे हे व्याख्यानापेक्षा खात्रीचे अध्ययन घडवतात. प्रात्यक्षिकाने माहिती पोहोचते. ती सवय व्हायची असेल, तर करणाऱ्याच्या हाताशी साधन असावे लागते आणि पदरात लाभ पडावा लागतो.