सुरतेचे कॉर्नेट आणि देवळाची नौबत

मिरवणुकीत पितळी बँड वाजू लागला, म्हणजे 'हे परकीयांचे वाद्य' असा शेरा आपल्यापैकी पुष्कळजण मारतात. इतिहास पाहता तो अर्धाच खरा ठरतो. अबुल फझलने 'आईने अकबरी'त बादशाही नगारखान्याचे वर्णन केले आहे. तेथे सोने, रुपे, पितळ अशा धातूंचे कर्णे असत, ते चारांहून कमी कधी वाजत नसत, आणि पितळेची शिंगे जोडीने फुंकीत. धातूच्या फुंकवाद्यांचा मेळ या देशास नवा नव्हता.

युरोपीय फुंकवाद्याची एक जुनी हकीकत मात्र सुरतेपासून सुरू होते. 1612 साली कॅप्टन बेस्टची इंग्रजी जहाजे तेथे आली आणि सुवाळीजवळ गोव्याच्या पोर्तुगीज आरमाराशी त्यांची झुंज झाली. त्यानंतर जहांगीरच्या दरबारी गेलेल्या इंग्रजांत रॉबर्ट ट्रली नावाचा कॉर्नेटवादक होता. तेव्हाचे कॉर्नेट लाकडी, वरून कातडे मढविलेले असे. परंतु त्याचा स्वर आजच्या ट्रम्पेटप्रमाणेच ओठांच्या कंपनाने निघे. सुरतेच्या वखारीचा निकोलस विदिंग्टन लिहितो की, बादशहाने प्रसन्न होऊन कारागिरांकडून सहा कॉर्नेटे करविली, पण ती साधली नाहीत. आपला एक प्रमुख वादक त्याने ट्रलीच्या हाताखाली दिला. त्या गृहस्थाने पाच आठवड्यांत विद्या हस्तगत केली. मात्र लवकरच तो आजारी पडून वारला. विद्या तेथेच खुंटली.

वाद्य घडविणे एक, आणि वादक घडविणे दुसरे. गोमंतकात वादक घडविण्याचे कार्य चर्चच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या केले. स्वरलेखन वाचावयास शिकलेली ती मुले प्रार्थनासंगीत वाजवीत, तशीच नाचाच्या धुनाही वाजवीत. त्यांतील कित्येक पलटणींच्या व संस्थानांच्या बँडांत गेले, पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात शिरले. हळदोण्याचे अंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहाय्यक झाले.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. कित्येक देवळांत आज आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र वाजते. सनई-चौघड्याची विद्या पित्याकडून पुत्राकडे येत असे. पुत्र नोकरीस शहरात गेला की ती तिथेच थांबते. सभामंडपाच्या फरशीसाठी आपण महाजन मंडळी उदार हस्ते देणगी देतो. तीतील अल्प अंश वाजंत्र्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि त्यांच्या नियमित वेतनासाठी राखून ठेवावा, अशी सर्व कुळाव्यांस नम्र विनंती आहे. जहांगीरच्या दरबारी शिष्य एकच होता. आपल्या देवळात निदान चार तरी असावेत.