आत्याकडूनही येतं : स्तनाचा कर्करोग आणि वारशाचा इतिहास

मंडळी, आपल्या शेलूबाजारात सोयरीक जुळवताना घराणं विचारतात. कूळ, मामेकूळ, शेतीवाडी, सगळं निघतं. पण घरातल्या कोणा बाईला छातीचा कॅन्सर झाला होता, हे कोणी सांगत नाही. पोरीचं लग्न अडेल ना! हे लपवणं कुठे नडतं, ते इतिहासातून पाहू.

१८६६ साली पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी आपल्या बायकोच्या घराण्यातल्या चार पिढ्यांची नोंद छापली. बाई मागून बाई याच रोगाने गेलेली. मग हा रोग रक्तातून येतो म्हणायचं का? आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्ही म्हणू, थांबा. घराणं म्हणजे नुसतं रक्त नाही. चूल एक असते, पाणी एक असतं.

ही शंका उंदरांत खरी ठरली. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं, की कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्लं दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली तर रोगाचं प्रमाण घटतं. दुधातून विषाणू जात होता. माणसात असं होत नाही हं. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका कमीच होतो.

हाच गुंता आपल्याकडे हाती घेतला कमल रणदिवे यांनी. जन्म पुण्याचा, १९१७ चा. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं, तिथे डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या उंदरांच्या स्तनकर्करोगावर काम करू लागल्या. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अनुवंश, संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं काय, हा त्यांचा प्रश्न होता. एकच कारण धरून बसायचं नाही, ही शिस्त त्यात होती.

माणसातल्या वारशाचा पक्का धागा मेरी-क्लेअर किंग यांना १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावर सापडला. १९९४ ला बीआरसीए-१ आणि १९९५ ला बीआरसीए-२ हे जनुक हाती आले. या जनुकांचं काम डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं. त्यातच बिघाड असला की दुरुस्ती अडते. स्तनाचे बहुतेक कर्करोग असे वारशाने येत नाहीत. शंभरात पाच ते दहाच.

आता मुद्द्याचं. हा बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. म्हणून मावशीइतकीच आत्याही विचारायची. अंडाशयाचा कर्करोगही त्याच हिशेबात धरायचा.

मग हे प्रारब्ध समजायचं का? नाही. बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साठ-सत्तर जणींना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो. बाकीच्यांना होत नाही. प्रारब्धाला तपासणी नसते, याला आहे. शक्यतो आधी आजारी व्यक्तीचं रक्त तपासतात. त्यात बिघाड सापडला, तर बहिणी-लेकींना लवकर एमआरआय, मॅमोग्राफी किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग डॉक्टर समजावून सांगतात.

पण त्यासाठी आत्या कशाने गेली, हे भाचीला माहीत हवं. लग्न अडेल म्हणून आपण जे झाकतो, त्याची किंमत तीच पोरगी पुढे मोजते. घरी गेल्यावर दोन्हीकडच्या तीन पिढ्या एका कागदावर लिहा. कोणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. तो कागद डॉक्टरांना दाखवा.