ठिगळाचा टाका

सूफींचा भरतकामावरील प्रभाव शोधताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा नक्षीवर खिळते. वेलबुट्टी, सुरूचे झाड, अष्टकोनी तारका यांत आध्यात्मिक संकेत वाचले जातात. सुईविषयी सूफी ग्रंथकारांनी जे सविस्तर लिहिले, ते मात्र नक्षीविषयी नसून ठिगळाविषयी आहे.

गझनीकडून येऊन लाहोरास स्थायिक झालेल्या अली हुजवीरी यांनी ११व्या शतकात 'कश्फुल महजूब' हा फारसी ग्रंथ रचला. त्यात 'मुरक्का', म्हणजे ठिगळांचा झगा, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. झगा निळा का, याची कारणे ते देतात: निळा हा शोकाचा रंग, शिवाय सदा प्रवासात असणाऱ्या फकिराला पांढरे वस्त्र स्वच्छ राखता येत नाही. हा दुसरा, व्यवहारी खुलासा अधिक पटतो. मग टाक्याचा वाद येतो. काही शेखांच्या मते सुई जेथे डोके वर काढील तेथून ती ओढावी, नेटकेपणाचा सोस धरू नये. इतरांच्या मते टाके सरळ व एकसारखेच हवेत, कारण आचरणाच्या शिस्तीवरूनच साधनेची पारख होते.

तूस येथील शेख अबुल कासिम गुर्गानी यांना हुजवीरींनी विचारले, दरवेशाला किमान काय साधले पाहिजे? शेखांनी सांगितलेल्या तीन गोष्टींत एक होती ठिगळ नीट लावता येणे. हुजवीरींनी त्याचा अर्थ लावला तो असा, की दारिद्र्यापोटी लावलेले ठिगळ वाकडे असले तरी नीटच. दिखाव्याचे ठिगळ नव्हे. लौकिकासाठी झगा पांघरणारे त्यांच्या अवतीभोवती होतेच.

या शब्दाचे पुढील भाग्य मोठे विलक्षण. मुघल दरबारात चित्रे व सुलेखनाचे तुकडे जोडून सिद्ध केलेल्या संग्रहालाही 'मुरक्का' म्हणू लागले. जहांगीराचा 'मुरक्का-ए-गुलशन' प्रसिद्धच आहे. फकिराचे नाव असे सोनेरी हाशियांत जाऊन बसले.

ठिगळ स्वतः मात्र गरिबाच्या घरीच राहिले. सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थानात जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून, समांतर धावदोरा घालून रल्ली शिवतात. दाट भरतकामाची रल्ली सामी आणि जोगी या भटक्या समाजांतील स्त्रियांची. 'सामी' हे 'स्वामी'चेच रूप. म्हणून रल्लीला निव्वळ सूफी वारसा ठरवणे धाडसाचे होईल. जोग्याची कंथा व फकिराची गुदडी एकाच वाटेने हिंडत होत्या. शेखांच्या चर्चेत शिवणारा हात दरवेशाचा होता. येथे तो बायकांचा आहे, आणि त्यांची रल्ली पुढे मुलीच्या आंदणात जाते.