वऱ्हाडचा साग आणि आमचें सुतारकाम

ज्युबिलीच्या निमित्तानें पूर्वजांचें स्मरण होतें. तसें त्यांनीं मागें ठेविलेल्या वस्तूंचेंही व्हावें, हें योग्यच आहे. जुन्या वाड्यांचीं दारें, तुळया, पाळणे व चौरंग यांत सागवानास मान कां मिळाला, तें येतें कोठून व टिकतें कशामुळें, याचा थोडक्यांत विचार आम्हीं येथें केला आहे.

वाशीम हा इंग्रजी अमदानींत स्वतंत्र जिल्हा होता. 1905 सालीं तो अकोल्यांत विलीन झाला व 1 जुलै 1998 रोजीं पुन्हा वेगळा निघाला. येथील रानांत साग आपोआप उगवतो. परंतु मुरमाड जमीन व बेताचा पाऊस यांमुळें झाड फारसें उंच वा जाड होत नाहीं. वासे, खांब व लहानसहान सामान यांस तें पुरतें. लांब तुळई किंवा रुंद फळी हवी असल्यास मेळघाट अथवा चांदा-अहेरी येथील जंगलांकडेच पाहावें लागतें.

1853 सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. 1867 सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. रुळांखालीं घालावयास लाकूड हवें, कापसाच्या पेठांतील इमारतींसही हवें. तेव्हां मागणी वाढली. त्याच सुमारास, 1866 सालीं, मेळघाटांतील जंगलाचा कांहीं भाग राखीव करण्यांत आला. हें न होतें तर मोठीं झाडें उरलीं असतीं कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. तथापि या व्यवस्थेचा भार तेथील कोरकू बांधवांवर पडला, हेंही विसरतां येत नाहीं. गांवच्या सुताराचीही पंचाईत झाली. बलुत्याच्या धान्यावर चरितार्थ चालविणाऱ्यास रोख पैशाच्या लिलावांतलें लाकूड परवडणें कठीणच. मालाचा धनी ठेकेदार, आणि कसबाचा धनी मजूर, अशी विभागणी यांतूनच होते.

आज या प्रांतांतील सागाची मोठी वखार बल्लारपूर येथें आहे. ओंडके लांबी व घेर यांप्रमाणें निवडून त्यांचा लिलाव होतो. अयोध्येच्या राममंदिरासाठीं 29 मार्च 2023 रोजीं सागवान निघालें तें येथूनच. शेताच्या बांधावरचा साग घरचा असला तरी 1964 च्या राज्य कायद्यान्वयें तोडीस परवानगी घ्यावी लागते.

लाकडाचें मोल त्याच्या गाभ्यांत असतें. गाभ्यांतील नैसर्गिक तेलद्रव्यांमुळें वाळवी त्यास सहसा शिवत नाहीं. सालीलगतचें पांढुरकें लाकूड मात्र लवकर पोखरतें. कोंवळ्या झाडांत गाभा थोडा व पांढुरका भाग अधिक, म्हणून नुसत्या 'सागवान' या नांवावर विश्वासून सौदा करूं नये. पक्क्या सागाची परीक्षा पाहावयाची तर मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' जहाजाकडे पाहावें. 1817 सालीं पाण्यांत उतरलेलें हें मलबारी सागाचें जहाज आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे.

दुसरी गोष्ट वाळविण्याची. चिरलेल्या फळ्यांमध्यें पट्ट्या घालून त्या सावलींत रचाव्या. इंचभर जाडीस सुमारें एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. घाईनें ओल्या लाकडाचें दार केलें तर वैशाखाच्या उन्हांत त्यास फटी पडतात. तिसरी गोष्ट सांध्याची. एका तुकड्याचें टोक तासून कूस करावयाची, दुसऱ्यांत तिच्या मापाची खोबण पाडावयाची, व दोन्ही अशीं बसवावयाचीं कीं खिळ्याची गरजच पडूं नये. सागाच्या अंगांत वाळूसारखे सूक्ष्म कण असतात. त्यांनीं रंधा व पटाशी लवकर बोथट होतात. म्हणून हत्यारांस वारंवार धार लावणें हाही कामाचाच भाग होय.

आतां मुद्द्याची गोष्ट. जुने वाडे उतरविले जातात, तेव्हां पिढ्यानुपिढ्या वाळलेलें पक्कें लाकूड मोडीच्या भावानें जातें, व त्याच घरांत दाबीव भुशाच्या फळ्यांचें कपाट येतें. तसलें लाकूड पुन्हा मिळणें सोपें नाहीं, कारण चांगल्या गाभ्याचा साग तयार होण्यास माणसाचें आयुष्य लागतें. ख्रिस्तमंदिरांतील असो वा घरांतील, सागाचा जुना बांक डुगडुगूं लागला म्हणून तो विकूं नये. बहुधा कूस सैल झालेली असते. जाणत्या सुतारास बोलवावें, त्याची मजुरी न घासतां द्यावी, व एक पाचर मारून घ्यावी. बांक वांचेल, आणि कसबही.